अवरेचे दिवस, अक्काचा रंग

परवा चामराजपेटेच्या आमच्या कोपऱ्यावर अवरे आली. पोतीच्या पोती फूटपाथवर उलटलेली, शेंगा दवाने ओल्या, आणि तो वास. कन्नडमध्ये त्या वासाला सोगडु म्हणतात. मराठीत त्याला शब्द मला अजून सापडलेला नाही. शेंगेच्या सालीवर काहीतरी तेलकट, चिकट असतं, ते बोटांना लागलं की साबणानेही दिवसभर जात नाही. तुम्हाला तिकडे इंडियन स्टोअरमध्ये ही अवरे गोठवलेल्या पाकिटातून मिळते. तिला वास नसतो, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. आपल्या पावट्याची ही चुलत बहीण, पण बेंगळूरची थंडी पडली की ती घराघरात अशी शिरते की उपम्यात अवरे, आमटीत अवरे, डोशात अवरे, आणि चहाबरोबर पुन्हा तळलेली अवरे.

माणसं खूश होतात या दिवसांत. मी चिडते. शेंगांची पिशवी घेऊन घरी आले, ताटात ओतल्या, आणि पहिली शेंग सोलतानाच माझं डोकं तापलं. इतकी वर्षं झाली तरी तापतं. इरा, रोहन, त्याचं कारण तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. आता सांगते.

अक्का म्हणजे माझी आई, तुमची पणजी. तिची धाकटी भावंडं तिला अक्का म्हणायची, त्यांचं ऐकून आम्हीही तेच म्हणायला लागलो. या दिवसांत ती सोललेले दाणे रात्री भिजत घाली आणि सकाळी मागच्या अंगणात, पांढऱ्या भिंतीला पाठ टेकून, पाटावर बसे. अंगठा आणि बोट यांच्यात एकेक दाणा धरून चिमटा काढला की सालीतून तो टुणकन उडी मारून स्टीलच्या पातेल्यात पडे. सालीतून निघालेला तो दाणा फिकट हिरवा, ओला, जवळजवळ आरपार दिसेल असा. आणि त्याच्यामागे अक्काचे हात.

अक्का काळी होती. हा शब्द मी सरळ लिहिते, कारण ती तो सरळ वापरायची. कोणी तिला सावळी म्हटलं तर ती म्हणे, "सावळी काय? काळी म्हणायला ज्यांना लाज वाटते त्यांनी काढलेला शब्द तो." कॉफीच्या बिया भाजताना मधली एक वेळ येते. हिरवेपणा गेलेला असतो, काळेपणा अजून आलेला नसतो, आणि बीवर आतल्या तेलाची चमक येते. तो तिचा रंग. बोटांच्या पेरांवर थोडा तांबूस, कोपरावर गडद, तळवे मात्र एकदम फिके. ते हात हिरव्या दाण्यांत चालायला लागले की मी शाळेला उशीर होत असतानाही दारात उभी राहून बघत असे.

एका अवरेच्या दिवसांत तुमच्या बाबाने, म्हणजे सुधीरने, तिचा तसाच एक फोटो काढला. पाट, पातेलं, पांढरी भिंत, गडद जांभळं लुगडं, आणि 'कामात असताना काय रे फोटो' असा चेहरा. पुढच्या थंडीत ती गेली. नव्वदचं दशक तेव्हा संपत आलं होतं. वर्षश्राद्ध जवळ आलं तसं सगळ्यांनी ठरवलं की हॉलमध्ये तोच फोटो मोठा करून लावायचा. तिचा नीट असा रंगीत फोटो तो एकच होता. तो ज्या रंगात भिंतीवर जाईल त्याच रंगात ती पुढच्यांना माहीत होणार, हे मला तेव्हाच कळत होतं. म्हणून मी इतकी हट्टाला पेटले.

पहिल्यांदा मी तो शिवाजीनगरच्या एका स्टुडिओत दिला. चार दिवसांनी आणायला गेले तर स्टुडिओवाल्याने मोठ्या कौतुकाने पाकिटातून एक गोरी बाई काढली.

"हे काय?" मी विचारलं.

"स्वल्प फेअर माडिदीनी, मेडम," तो म्हणाला. थोडी गोरी केलीय. आणि माझा चेहरा बघून घाईने पुढे, "एक्स्ट्रा चार्ज इल्ला!"

जास्तीचे पैसे नाहीत म्हणे! माझी आई मला परकी करून दिली आणि वर ती फुकट! मी त्याला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत सुनावलं. तो बिचारा गोंधळून मूळ फोटो आणि नवी प्रत पुन्हा ताडून बघायला लागला. त्याच्या दुकानात काळ्या माणसांनी आजवर असंच काहीसं मागितलं असणार, न मागताही त्यांना तेच मिळालं असणार, आणि कोणी कधी परत केलं नसणार.

घरी आले तर सुधीर म्हणाला, "आई, कशाला बाहेर द्यायचा? आपण घरी करू. मशीन आहे, मशीन काय कोणाला गोरं करतंय?"

तो तेव्हा नुकताच इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागला होता, कंपनीच्या बसने जायचा-यायचा, आणि पहिल्या काही पगारांतून त्याने एक स्कॅनर आणि एक फोटो छापणारा प्रिंटर आणला होता. माझ्या शिवणाच्या टेबलावर दोन्ही विराजमान झाले. टेबलावरचा क्रोशाचा रुमाल उशीखाली गेला. मी ते चालवून घेतलं, कारण मशीन कोणाला गोरं करत नाही हे मला पटलं होतं.

एका रविवारी तो टेबलाशी कुबड काढून बसला होता. मी चहा ठेवायला गेले.

"आई, इथे नको ठेवू. कॅलिब्रेशन चाललंय."

"म्हणजे काय चाललंय?"

"प्रिंटरला रंग शिकवतोय."

मला हे ऐकून बरं वाटलं. आयुष्यभर मी मुलींना इंग्रजी शिकवलं, मला शिकवण्याची कोणतीही गोष्ट आवडते. त्याने समजावून सांगितलं. कॉम्प्युटर प्रिंटरला रंगीत चौकटींचा एक कागद छापायला सांगतो. लाल, निळे, तपकिरी, राखाडी, सगळे. तो कागद स्कॅनरच्या काचेखाली ठेवायचा. कॉम्प्युटर स्कॅनरच्या डोळ्यांनी बघतो, मागितलं काय होतं आणि छापलं काय, आणि जो फरक असेल तो लक्षात ठेवून पुढच्या वेळी भरून काढतो. म्हणजे शुद्धलेखन घालायचं, वही तपासायची, चुका दाखवायच्या. मला पद्धत पसंत पडली. कागद आत गेला, दिवा सरकला, पडद्यावर संदेश आला की सर्व ठीक. मग त्याने अक्काचा फोटो काचेवर पालथा ठेवला.

प्रिंटरमधून ती इंच इंच बाहेर आली. आधी भिंत, मग केस, मग कपाळ. कपाळ बघूनच मी पुढे वाकले. दुधात बुडवून काढल्यासारखी बाई. लुगडं जांभळ्याचं गुलाबी झालेलं. हातांना पेरं नाहीत, सुरकुत्या नाहीत. आणि पातेल्यातली अवरे काजूसारखी पांढरी! चांगली मूठभर हिरवी अवरे त्या यंत्राने खाऊन टाकली.

नेमकी तेव्हाच कमळामावशी आली. अक्काची धाकटी बहीण, लहानपणापासून घरातली गोरी, आणि त्या गोरेपणाची काळजी घेत म्हातारी झालेली. तिने फोटो हातात घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"अय्यो, किती गोड दिसतीय गं अक्का!"

"मावशी, ही अक्का नाही."

"अक्का नाही तर काय शेजारीण? नाक बघ की. स्वल्प उजळ आली एवढंच. जन्मभर काळी काळी म्हणून ऐकून घेतलं तिनं. आता फोटोत तरी..."

"म्हणजे मेल्यावर तरी सुधारली, असंच ना?"

"तोंड बघा हिचं! साक्षात शाळामास्तरीण. अगं, तिला आवडलं असतं हे."

आवडलं असतं! आमच्याकडे अण्णा आणि अक्काच्या लग्नाचा एक जुना फोटो होता, स्टुडिओवाल्याने हाताने रंगवलेला. त्यात अक्काचे गाल गुलाबी आणि हात पिवळसर गोरे होते. लहानपणी आम्ही विचारायचो, अण्णांच्या शेजारी ही कोण? अक्का लुगड्याच्या घड्या घालता घालता शांतपणे सांगायची, "ती त्यांची पहिली बायको." आम्ही भावंडं कितीतरी वर्षं ते खरं मानून चाललो होतो. माझ्या धाकट्या भावाला तर तिची दया यायची, बिचारी कुठे गेली म्हणून. तो फोटो अक्काने कधी भिंतीवर लावला नाही. ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ठेवला. आणि त्या अक्काला हे आवडलं असतं म्हणे.

पण मावशी ऐकणाऱ्यांतली नव्हती. तिने सुधीरच्या पाठीवरून हात फिरवला, "माझ्या राजा, आणखी काढ रे," आणि त्या वेड्याने काढले. त्या संध्याकाळी मावशीच्या पिशवीतून अनेक गोऱ्या अक्का तुमकूरला, हुबळीला, पुण्याला निघून गेल्या. मला त्या थांबवता आल्या नाहीत.

त्यानंतरचा आठवडा मला रंगासकट आठवतो. सकाळी धुकं, खाली भाजीवालीची हाक, स्वयंपाकघरात अवरेचा वास, आणि हॉलमध्ये सुधीर पुन्हा पुन्हा त्या रंगीत चौकटी छापतोय. प्रत्येक वेळी यंत्र म्हणे सर्व ठीक. प्रत्येक वेळी बाहेर ती दुधातली बाई.

"सगळं बरोबर आहे म्हणतंय, आई."

"कोण म्हणतंय?"

"सॉफ्टवेअर."

"आणि तुझे डोळे काय म्हणतायत?"

तो वैतागला. "तुला फोटोतलं कळत नाही. मूळ फोटोच डल आहे. मशीन त्याला बॅलन्स करतं."

डल! तुमच्या बाबाला मी त्या वेळी टेबलावरून उठवलं नाही, ही माझी सहनशीलता. तो ऑफिसला गेल्यावर मात्र मी दुपारी स्वतः त्या यंत्रासमोर बसले. दिवा कसा सरकवायचा एवढं बघून बघून कळलं होतं. मनात काही शास्त्र नव्हतं, फक्त संताप होता. स्वयंपाकघरातून पातळ प्लास्टिकच्या पिशवीत रागीचं पीठ आणलं. इकडची नाचणी ती. तिचं पीठ कसं राखाडी-तपकिरी असतं ते इथे लहान मूलही सांगेल. पिशवी काचेवर ठेवली, झाकण लावलं. पडद्यावर गव्हाचं पीठ आलं. डोळे चोळून पुन्हा केलं. पुन्हा गहू. मग वहीच्या कव्हराचा तपकिरी कागद ठेवला, तो साईसारखा झाला. शेवटी त्या रंगीत चौकटींचा कागदच ठेवला आणि हातात त्याची दुसरी प्रत धरून पडद्याशी ताडून पाहिली. हातातली तपकिरी चौकट फिक्की, गुलाबट, चुकलेली. पडद्यावर तीच छान, ठसठशीत. म्हणजे स्कॅनर नुसतं उजळत नव्हता, समोर येईल ते आपल्या मते 'चांगलं' करून दाखवत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्याने चुका शोधायच्या तोच त्या खोडून ठेवत होता. आमच्या शाळेत एक बाई होत्या, मायाळू फार. पेपर तपासताना मुलींची स्पेलिंगं स्वतःच सुधारायच्या आणि मग पूर्ण मार्क द्यायच्या. वर्ग त्यांच्यावर खूश, निकाल उत्तम, आणि पुढच्या इयत्तेत त्या मुलींना एक ओळ धड लिहिता येत नसे. प्रिंटर चुकत होता, स्कॅनर त्याची चूक झाकत होता, आणि कॉम्प्युटर दोघांना शाबासकी देत होता.

संध्याकाळी सुधीर बसमधून उतरून घरात शिरला तोच मी त्याच्या हातात रागीची पिशवी दिली.

"हे काय आहे?"

"रागी."

"तुझ्या स्कॅनरला विचार."

पडदा पाहून तो आधी हसला. मग म्हणाला, "ते ऑटो करेक्शन असतं, आई. सगळ्या स्कॅनरना असतं. आपोआपच चालू असतं, फोटो चांगले यावेत म्हणून."

"चांगले म्हणजे कसे?"

"म्हणजे..." तो थांबला. "उजळ."

आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "अरे देवा. म्हणजे चार्टसुद्धा मी ते चालू ठेवूनच..." त्याने डोकं धरलं. इतका हुशार मुलगा, पण दुरुस्ती हा शब्द वाचून ती बंद करावी असं त्याच्या मनातच आलं नव्हतं. कोणाच्या येतं? बरी गोष्ट आहे, असू दे चालू.

पडद्यावरच्या कुठल्याशा आतल्या खिडकीत एक छोटी चौकट होती आणि तिच्यात बरोबरची खूण. ती खूण काढून टाकायची, एवढंच काम. त्या खुणेकडे मी किती वेळ बघत बसले. जन्मभर लाल शाईने मी करेक्शन केलं आहे, मला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे. करेक्शन करायला आधी चूक असावी लागते. अक्काची चूक कोणती होती? दूर कुठल्याशा कचेरीत, तिला कधी न पाहिलेल्या कोणीतरी ठरवलं की चेहरा उजळ झाला म्हणजे सुधारला, आणि आम्हाला न विचारता तिथे बरोबरची खूण करून यंत्र खोक्यात भरलं. शिवाजीनगरचा तो स्टुडिओवाला परवडला. त्याने निदान माझ्या तोंडावर सांगितलं, गोरी केलीय म्हणून. त्याच्याशी भांडता तरी आलं.

खूण काढली. चौकटींचा कागद पुन्हा काचेखाली गेला. या वेळी यंत्राने सर्व ठीक म्हटलं नाही, फरक दाखवले, बरेच दाखवले, आणि मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा थोडा आदर वाटला. ते फरक भरून काढल्यावर सुधीरने फोटो ठेवला, दुरुस्ती बंदच ठेवून. पडद्यावर तो मळकट दिसत होता. "बघ, डल," तो पुटपुटला. मी म्हटलं, "पडद्याला भिंतीवर लावायचं नाहीये. छाप."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ती प्रत मागच्या दारात, उन्हात, मूळ फोटोशेजारी धरली. लुगडं जांभळं. अवरे हिरवी. आणि हात. कोपर गडद, पेरं तांबूस. थोडासा लाल जास्त उतरला होता, तो आणखी एका खेपेत गेला.

अण्णा तिथेच बसून पेपर वाचत होते. माझे वडील फार कमी बोलायचे. हॉलमधल्या कपाटावर टेकवून ठेवलेल्या गोऱ्या प्रतीवरही आठवडाभर ते काहीच बोलले नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नवी प्रत डोळ्यांजवळ नेली.

"हं," ते म्हणाले. "आता रागावेलसं वाटतंय."

मग जरा वेळाने, पेपरमागून, "त्या आधीच्या बाईंना रोज नमस्कार करत होतो मी. ओळख नसताना."

वर्षश्राद्धाला तो फोटो हॉलमध्ये लागला. लोक आले, जेवले, फोटोपुढे हात जोडले. कमळामावशी चष्मा पुसत म्हणाली, "घरचा प्रिंटर म्हणजे शेवटी असाच. स्वल्प काळाच आला, नाही का?" मी वाढत होते. तिच्या पानात तिखट आमटी जास्त वाढली.

एवढ्यावर मी गप्प बसले असते, पण जग बसत नाही. गेल्या आठवड्यात अक्काच्या तिथीला पुण्याच्या कोणीतरी आपल्या घरच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला. मावशीच्या पिशवीतून गेलेलाच, आता फोनने आणखी गुळगुळीत केलेला, भोवती फुलांची चौकट. गोऱ्या अक्का मुलं-नातवंडं करत पसरल्या आहेत. हात जोडलेली चित्रं आली, हृदयं आली. आणि त्यांच्या खाली, इरा, तुझा संदेश. पणजी किती सुंदर होती, तिचा रंग मला का नाही मिळाला.

तो वाचून मी फोन पालथा ठेवला. रागाचेही प्रकार असतात. हा मला नवा होता.

मग म्हटलं, हिला खरा फोटो पाठवावा. खुर्ची भिंतीशी घेतली, फोनने फोटो काढला. काय सांगू! फोनने तिला उजळ केलं. कपाळावरची रेघ पुसली, हात तुकतुकीत केले. मी आतली सगळी पानं उघडून पाहिली, सौंदर्य वगैरे जे काही होतं ते बंद केलं, पुन्हा काढला. तरी तेच, थोडं कमी. सुधीरला फोन केला तर तो म्हणतो, "आई, आता ते पूर्ण बंद करता येत नाही. फोटो काढतानाच आत होऊन जातं." त्या जुन्या यंत्राला निदान एक खूण होती काढायला. आता खूणही ठेवली नाही. ठरवून टाकलंय सगळ्यांच्या वतीने.

म्हणून फोटो पाठवत नाही. लिहून पाठवते आहे. शब्दांना अजून कोणी आपोआप उजळ करत नाही.

इरा, तू इथेच, बेंगळूरला जन्मलीस. तुझी आई दमून झोपली होती आणि तुला माझ्याकडे दिलं होतं. खिडकीतून ऊन येत होतं, तुझी मूठ दुपट्यातून बाहेर आली होती, आणि ती मी उन्हात धरून बघत होते. कमळामावशी काठी टेकत तुला बघायला आली. वाकून, न्याहाळून, माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "काळजी करू नको गं. महिन्याभरात रंग निवळेल."

"मावशी," मी म्हटलं, "निवळायला ती काय गढूळ पाणी आहे?"

ती रुसून बाहेर जाऊन बसली. तू जागी झाली नाहीस. माझ्या मांडीवर अक्काचा रंग झोपला होता, पेरांवर तोच तांबूसपणा, आणि मी तुझ्यावर पांघरूणसुद्धा घातलं नाही, बघत राहता यावं म्हणून.